‘श्यामची आई’ आणि वडाच्या प्रदक्षिणा

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा संस्कारांचे पुस्तक म्हणून इतका गौरव झाला आहे की, त्यात कोकणचा लोकाचार किती भरला आहे याकडे लक्ष बेताचेच गेले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बव्हंशी लिहिल्या गेलेल्या व १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात दापोली तालुक्यातील पालगडची व्रते, नवस, प्रथा ठायी ठायी भेटतात.

पहिल्याच रात्रीचे ‘सावित्री-व्रत’ पाहावे. आई आजारी; वडाला प्रदक्षिणा घालण्याचे त्राण तिच्यात नाही. ते काम ती लहानग्या श्यामवर सोपविते आणि बायकांच्या मेळाव्यात जायला तो लाजतो. पुराणातल्या सावित्रीपेक्षा गुरुजींना ही लाज मोलाची वाटते. बायकांचे व्रत मुलाच्या पायांनी पुरे होते आणि आई दरवर्षी काय करीत आली, हे त्याला चालता चालता उमगते. ‘सांब सदाशिव पाऊस दे’ या प्रकरणातही शंकराची पिंडी पाण्यात बुडविण्याची प्रथा केवळ वर्णनासाठी येत नाही. सारा गाव पाणी वाहत असता आपल्या मुलाने घरी बसू नये, हा आईचा आग्रह तिच्यामागे आहे.

स्कॉटलंडच्या सर वॉल्टर स्कॉटने १८०२ पासून सीमाप्रदेशातील लोकगीते छापली आणि पुढे नातवासाठी देशाच्या इतिहासकथा लिहिल्या. त्या कथांत परंपरा म्हणजे मुख्यत्वे राजे, सरदार आणि लढाया. गुरुजींनीही ‘स्त्री जीवन’मध्ये बायकांच्या ओव्या संग्रहित केल्या; त्यांची परंपरा मात्र चूल, गोठा व अंगण यांतली.

पुस्तक रडवे आहे, हा आक्षेप मला मान्य नाही. खरा दोष निराळा आहे. प्रसंग संपला तरी श्याम आश्रमातील मित्रांना बोध करीत राहतो. प्रदक्षिणांनी जे सांगून झाले, तेच पुन्हा शब्दांनी सांगतो.

आपल्या गौलीगुड्यातील कित्येक घरांत आता वडाची फांदीच आणून पुजतात, आणि मुलांना त्या फांदीमागचे झाड ठाऊक नसते. गेल्या वटपौर्णिमेला मी नातवाला हे प्रकरण बोध गाळून वाचून दाखविले. सावित्री कोण, हे त्याने विचारले नाही. “श्यामला कुणी हसले का हो, आजोबा?” एवढेच विचारले.