'झीज' आणि 'वंगण'

गुडघेदुखीविषयीच्या मराठी लेखनात दोन शब्द इतके रुळले आहेत की ती रूपके आहेत याचाच विसर पडावा. कूर्चा 'झिजली', सांध्यातले 'वंगण' आटले, ते सुईने पुन्हा भरले. बैलगाडीचा आस ठाऊक असलेल्या समाजाला ही भाषा जवळची वाटावी यात नवल नाही. परंतु सांध्यात थेट औषध देण्यामधील खरी अडचण तिने झाकली जाते.

आसाला घातलेले वंगण बराच काळ आसावर राहते. सांध्यात टोचलेले औषध मात्र अस्तरातील रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या वाहून नेतात. लहान रेणूंची औषधे तर बहुधा काही तासांतच निघून जातात. म्हणून ती बहुवारिकाच्या सूक्ष्म गोलकांत कोंडून सावकाश झिरपू देण्याची युक्ती निघाली. ट्रायॅम्सिनोलोन या स्टेरॉइडाच्या अशा योजनेला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. तथापि सांध्यात राहणे म्हणजे कूर्चेत शिरणे नव्हे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दाट, ऋणभारित जाळ्यातून औषधाने विसरणानेच वाट काढावयाची. धनभारित वाहक वापरले तर हेच जाळे औषध आत ओढून धरते, या तत्त्वावर संशोधन चालू आहे. वंगणाच्या रूपकात या प्रवेशाला जागाच नाही.

'झीज' शब्दाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. नाणे झिजते आणि शरीरही झिजते. पण शरीराची झीज 'भरून येते' असे मराठी म्हणते, नाण्याची नाही. गुडघ्यावरील लेखनात नेमका नाण्याचा अर्थ उरला आहे. वस्तुतः कूर्चेतील पेशी जिवंत असतात. घडण मागे पडते आणि विघटन पुढे जाते. २०१७ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दर बारा आठवड्यांनी दोन वर्षे साधे ट्रायॅम्सिनोलोन टोचलेल्या गुडघ्यांत, मिठाचे पाणी टोचलेल्यांपेक्षा कूर्चा अधिक घटली. वेदनेत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. ही अधिकची घट घर्षणाची म्हणावयाची काय? 'ऱ्हास' हा जड पर्याय मी सुचवीत नाही. 'झीज' राहू द्यावी, पण तिचा दुसरा अर्थ परत आणावा.

मणक्यांच्या बाबतीत 'गादी सरकली' हा प्रयोग असाच. सरकलेली वस्तू जागेवर बसविता येते, अशी रुग्णाची स्वाभाविक अपेक्षा होते. प्रत्यक्षात बाहेरच्या कड्याला चीर जाऊन आतला मऊ गर बाहेर डोकावतो. जपानमध्ये २०१८ साली मान्य झालेले काँडोलिएज हे विकर गादीत टोचतात, ते काही बसविण्यासाठी नव्हे; गरातील पाणी धरून ठेवणारे घटक तोडून मज्जातंतूवरचा दाब हलका करण्यासाठी.