बहुवर्गीय पात्र आणि खेळाचा तोल

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या मेजावर खेळावयाच्या भूमिकाखेळाची चर्चा करताना बहुवर्गीय पात्राचा प्रश्न बहुधा बळाच्या हिशेबापुरताच मांडला जातो. योद्ध्याचे शस्त्रकौशल्य आणि जादूगाराची मंत्रविद्या एकाच पात्राच्या ठायी एकवटली, तर ते इतरांहून प्रबळ ठरते की दुर्बळ, एवढेच पाहिले जाते. ही मांडणी मला अपुरी वाटते. बुद्धिबळात दोन पक्ष परस्परांविरुद्ध उभे असतात. म्हणून तेथे तोल म्हणजे उभयतांचे समान बळ, असे म्हणता येते. येथे चारपाच खेळाडू एकाच बाजूस असतात आणि सूत्रधार त्यांच्यापुढे संकटे उभी करतो. सोबती बलवान असेल तर इतरांना त्याचा लाभच व्हावयास हवा. तरीही तक्रार होतेच. कुलूप उघडण्याचा प्रसंग चोराचा, मंत्राचा प्रसंग जादूगाराचा, ही वाटणी मोडली की कोणी तरी एक खेळाडू सबंध संध्याकाळ नुसता बसून राहतो, हे तिचे खरे कारण होय. बहुवर्गीयतेच्या नियमांची परीक्षा या कसोटीवर करावयास हवी.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या मूळ नियमांत एल्फ जातीच्या पात्रास योद्धा व जादूगार या भूमिका आलटूनपालटून घेता येत. मात्र एका मोहिमेत एकच. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये मानवेतर पात्रांना दोन वा तीन वर्ग एकाच वेळी चालविण्याची मुभा मिळाली आणि मिळविलेले अनुभवगुण त्या वर्गांत समान वाटावयाचे, असा नियम झाला. वरवर पाहता ही जबर किंमत वाटते. प्रत्यक्षात आरंभीच्या पायऱ्यांसाठी लागणारे गुण जवळजवळ दुपटीने वाढत जातात. त्यामुळे निम्मे गुण मिळणारा एकाच पायरीने मागे पडतो. ४०,००० गुणांवर निव्वळ योद्धा सहाव्या पायरीवर असतो आणि निव्वळ जादूगार पाचव्या. तेवढेच गुण दोहोंत वाटून घेणारा एल्फ पाचव्या पायरीचा योद्धा आणि चौथ्या पायरीचा जादूगार असतो! एका पायरीच्या मोबदल्यात सबंध दुसरी विद्या, हा सौदा कोण नाकारील? गायगॅक्स यांनी खरी वसुली अन्यत्र ठेविली होती. या पात्राचे जीवगुण दोन वर्गांची सरासरी काढून ठरत आणि मानवेतरांना बहुतेक वर्गांत ठराविक पायरीच्या वर चढताच येत नसे. पण ही मर्यादा जेथे लागू होई, तेथवर पुष्कळ मेळे पोहोचतच नसत. न येणाऱ्या उद्याच्या नावे लिहिलेले हे कर्ज होते.

त्याच ग्रंथात मानवांसाठी दुसरी वाट आहे. ती क्लिष्ट म्हणून हिणविली जाते. मला मात्र ती सर्वांत अर्थपूर्ण वाटते. मानवी पात्र पहिला वर्ग सोडून दुसरा स्वीकारते. नव्या वर्गातील पायरी जुनीहून वर जाईपर्यंत त्याने जुन्या विद्येचा आधार घेतला, तर त्या मोहिमेचा अनुभव त्यास मिळत नाही. तलवार खाली ठेवलेला माणूस संकटात ती पुन्हा उचलतो की नाही, हा प्रश्न येथे नियमातूनच उद्भवतो. शिवाय तो शिकत असेतो सोबत्यांच्या वाट्याचे प्रसंग त्यांच्याकडेच राहतात.

२००० साली जोनाथन ट्वीट, मॉन्टे कुक व स्किप विल्यम्स यांनी सर्वांसाठी एकच अनुभव-कोष्टक आणले. प्रत्येक नवी पायरी कोणत्याही वर्गात घ्यावी, अशी मोकळीक दिली. पाच पायऱ्या योद्ध्याच्या आणि पाच जादूगाराच्या मिळून दहा, हे अंकगणित निर्दोष खरे. परंतु पायऱ्या समान मोलाच्या नाहीत. दहाव्या पायरीचा जादूगार पाचव्या श्रेणीचे मंत्र योजतो, तर हे मिश्र पात्र तिसऱ्या श्रेणीशीच अडते. त्याचा अग्निगोलकही निम्म्याच फाशांचा, आणि अंगावरचे चिलखत मंत्रोच्चाराच्या आड येते ते वेगळेच. एक ना धड, भाराभर चिंध्या! उलट एखाद्या वर्गाची पहिलीच पायरी भरघोस असेल, तर तेवढीच उचलून पुढे जाण्याची चाल पडली. दोन शस्त्रे चालविण्याचे कौशल्य पहिल्या पायरीवरच देणारा ‘रेंजर’ याचे प्रसिद्ध उदाहरण. २००३ च्या सुधारित आवृत्तीत ते दुसऱ्या पायरीवर नेण्यात आले. म्हणजे निष्ठेने एकाच वर्गात राहणाऱ्या रेंजरला, परक्यांच्या उचलेगिरीपायी, वाट पाहावी लागली.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने बहुवर्गीयता जवळजवळ बांधूनच टाकली. तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. २०१४ साली ती ऐच्छिक नियम म्हणून परतली. मंत्रधारी वर्गांच्या पायऱ्या एकत्र मोजून मंत्रांची संख्या ठरवावी, ही त्यातील सुधारणा खरोखरच शहाणपणाची होती. पण योद्ध्याच्या दोन पायऱ्या घेतलेल्या जादूगारास ‘ॲक्शन सर्ज’ या सामर्थ्यामुळे एकाच पाळीत दोन मोठे मंत्र योजता येऊ लागले. २०२४ च्या ग्रंथाने त्या जादा कृतीतून मंत्रप्रयोग वगळला. दुरुस्ती योग्यच, परंतु तिचा भार कोणावर पडला, हे पाहण्यासारखे आहे. ‘एल्ड्रिच नाइट’ हा मुळातच मंत्र जाणणारा योद्धा. त्याने दुसऱ्या कोणत्याही वर्गास स्पर्श केलेला नसतो, आणि त्याचीही ती सोय गेली.