मॅगझिन बदलायला वेळ नव्हता

शौर्यपदकासोबत जे मानपत्र छापलं जातं, ते वाङ्मय म्हणून कुणी वाचत नाही. कारण उघड आहे. भाषा ठरीव, विशेषणं साच्यातली, आणि शेवटचं वाक्य तर नाव बदलून कुणालाही लावावं असं. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्रही याच जातीचं आहे. ‘लंडन गॅझेट’मध्ये नोव्हेंबर १९४४ मध्ये ते इंग्रजीत छापून आलं. जेमतेम सहा-सात वाक्यांचा मजकूर. तरीही चांगलं गद्य कसं असतं हे कुणाला दाखवायचं झालं, तर मी त्याच्यापुढे हा मजकूर ठेवीन.

घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जिल्हा आज रायगड, तेव्हा कुलाबा. (माणगाव आता बहुतेकांना ठाऊक आहे ते गणपतीला कोकणात जाताना गाड्या तिथे अडकून पडतात म्हणून.) जन्म १९२१ चा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत ते नाईक होते, म्हणजे आठ-दहा जवानांच्या एका सेक्शनचे म्होरके. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते पडले, तेव्हा वयाची तेवीस वर्षंही पुरी झालेली नव्हती.

मानपत्र सुरू होतं ते कोरडेपणाने. कंपनीने हल्ला केला, शत्रूचा मोर्चा भक्कम होता. घाडगेंचा सेक्शन अगदी जवळून मशिनगनच्या माऱ्यात सापडला आणि म्होरक्या सोडून बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. कंपनीवरून सेक्शनवर, सेक्शनवरून एका माणसावर. दोन वाक्यांत आपण त्याच्या शेजारी जाऊन उभे राहतो. एखादा शाहीर असता तर इथे थांबला असता. वीराचं कूळ, गाव, अंगकाठी, आईचा निरोप, सगळं गायला असता. इथे यातलं काही नाही. नाईक धावून जातो. आधी हातबॉम्ब टाकतो, त्यात मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद होतात. मग आपल्या टॉमीगनने तिथल्या एकाला टिपतो.

आणि मग ते वाक्य येतं, ज्याच्यासाठी हा लेख लिहितो आहे. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच तडाख्यांनी ठार केलं.

वाक्याचा पहिला भाग पाहा. तो शौर्याबद्दल नाहीच, हत्याराबद्दल आहे. टॉमीगनच्या मॅगझिनमध्ये वीस किंवा तीस गोळ्या मावतात. त्या संपल्या की रिकामं मॅगझिन काढायचं, कमरेच्या पाकिटातून भरलेलं घ्यायचं, बसवायचं. सराव असलेल्या हाताला काही सेकंद पुरतात. ते काही सेकंद नव्हते, एवढंच लिहिणारा सांगतो. शौर्याचा एकही शब्द न वापरता समोरचे दोघे किती जवळ होते ते आपल्याला कळतं. बंदूक नळीकडून धरायची म्हणजे नुकत्याच झाडलेल्या गोळ्यांनी तापलेलं लोखंड मुठीत घ्यायचं आणि साडेचार-पाच किलोंचं वजन उलटं फिरवायचं. हे मानपत्रात नाही, पण वाक्य आपल्याला तिथपर्यंत आणून सोडतं. खुनशी क्षण आहे तो, आणि लिहिणाऱ्याने तो धुऊनपुसून घेतलेला नाही.

पुढच्या वाक्याचंही मला असंच कौतुक वाटतं. शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात त्याने प्राण सोडला. आपल्याकडे वीर वार झेलतो तो छातीवर. पाठीवरचा घाव कुणी सांगत नाही. इथे तो सांगितला आहे, कारण लागला होता.

दोन ठिकाणी मात्र मजकूर आपली हद्द ओलांडतो. सोबत यायला कुणी उरलेलं नाही हे पुरतं जाणून तो धावला, असं एकदा म्हटलं आहे. वाचण्याची आशा फार थोडी हे त्याला माहीत होतं, असं शेवटी. मेलेल्या माणसाच्या मनातलं यांना कसं कळलं? हात काय करत होते ते पाहणाऱ्याला दिसलं असेल. पाहणाराही बहुधा जखमी होऊन पडलेला त्याच्याच सेक्शनमधला कुणी, किंवा मागून येणारा. मनाची गोष्ट मात्र साहेबाने टेबलाशी बसून घातलेली दिसते. ती दोन्ही कलमं खोडली तरी मानपत्राचं काही बिघडणार नाही.

याच रेजिमेंटमधले नामदेव जाधव नगर जिल्ह्यातले. एप्रिल १९४५ मध्ये इटलीतच, सेनिओ नदीवर, त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला आणि ते जिवंत परतले. त्यांच्या मानपत्रात ते उघड्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करतात आणि मागच्यांना हात करून बोलावतात. ते वाचताना अंगावर काटा येतो. घाडगेंच्या मानपत्रात आवाज नाही. गर्जना नाही, हुकूम नाही, बोलावायला मागे कुणी नाही. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की हा मुकेपणा फार जाणवतो.

आणखी एक गोष्ट नाही: राजा नाही, साम्राज्य नाही, देशही नाही. कर्तव्यनिष्ठा आहे, ती कुणाप्रत हे सांगितलेलं नाही. त्याच सुमाराला साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं आणि इटलीत एक मराठी पोरगा ब्रिटिशांच्या फौजेत जर्मनांशी लढत होता. ही अडचण मानपत्र सोडवत नाही, आणि मला वाटतं, आपणही ती घाईने सोडवू नये. पुतळे ती चटकन सोडवतात. दगडाला दुसरा इलाज नसतो.

कबर नाही म्हणून घाडगेंचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, अशाच चार हजारांहून अधिक नावांत. माणगावला पुतळा आहे. आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभं राहिलं. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. तिथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. घड्याळावरच्या लॅटिन वचनाचा आशय असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. कल्पना देखणी आहे. पण माझ्या मते ती जरा जास्तच देखणी आहे: त्या मोर्चातले ते दोघेही त्याच सूर्याखाली होते, आणि त्यांचं काय झालं हे घड्याळाला सांगता येत नाही. मानपत्राला येतं.

म्हणून वाटतं, माणगावच्या शाळांतून हा मजकूर चांगल्या मराठीत मुलांच्या हाती द्यावा. शेवटचं स्तुतीचं वाक्य गाळलं तरी चालेल. संपलेलं मॅगझिन, पाठीतली गोळी आणि ते दोघे गाळू नयेत.