'आलो आंधारि' : वेतनाचे काम आणि घरचे संगोपन

बेबी हालदार यांचे 'आलो आंधारि' हे आत्मकथन मूळ बंगालीत लिहिले गेले. ते प्रथम प्रसिद्ध झाले मात्र प्रबोध कुमार यांनी केलेल्या हिंदी अनुवादाच्या रूपाने, २००२ मध्ये. उर्वशी बुटालिया यांचा इंग्रजी अनुवाद २००६ मध्ये आला. अकरावीच्या 'वितान' या हिंदी पूरक पाठ्यपुस्तकातही त्यातील अंशाचा समावेश झाला. एका मोलकरणीची लेखिका कशी झाली, या अंगानेच या कृतीची चर्चा बहुधा होते. हे वाचन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. दुसऱ्याच्या घराची निगा राखून मिळणाऱ्या वेतनावर स्वतःची मुले वाढवायची आणि त्याच वेतनासाठी मुलांपासून दूर राहायचे, हा या आत्मकथनाचा गाभा आहे.

अल्पवयात लग्न झालेल्या हालदार पतीचे घर सोडून तीन मुलांसह दिल्लीला येतात. घरकाम मिळाले तरी मुलांना कोठे व कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न सुटत नाही. थोरला मुलगा तर स्वतःच दुसऱ्याच्या घरी कामाला आहे. आई परक्याचे घर सांभाळते आणि तिचा मुलगा आणखी एका परक्या घरी राबतो, हे वास्तव लेखिका कोणतेही भाष्य न करता नोंदवते. हा संयम हेच या निवेदनाचे खरे सामर्थ्य होय.

आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८९ मधील आपल्या ग्रंथात नोकरदार स्त्रीच्या घरकामाला 'दुसरी पाळी' म्हटले. भारतातील २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर पुरुष ९७ मिनिटे. कुटुंबीयांच्या संगोपन-शुश्रूषेसाठी हेच प्रमाण १३४ आणि ७६ मिनिटे आहे. मध्यमवर्गीय स्त्रीची दुसरी पाळी बऱ्याचदा मोलकरीण हलकी करते. मोलकरणीची दुसरी पाळी हलकी करणारे मात्र कोणी नसते. हालदार यांच्या दोन्ही पाळ्यांत काम तेच आहे. स्वयंपाक, भांडी, झाडलोट यांना एका उंबरठ्याच्या आत मोल आहे, दुसऱ्याच्या आत नाही.

गुडगावच्या ज्या घरी ही कोंडी फुटते, तेथील निवृत्त प्राध्यापक म्हणजेच प्रबोध कुमार. त्यांना लेखिका 'तातुश' म्हणते. हे वडिलांसाठीचे संबोधन आहे. मुलांच्या शाळेची सोय, थोरल्या मुलाचा शोध, राहते घर पाडले गेल्यावर दिलेली खोली, लिहिण्यासाठी वही, हे सर्व तातुशांच्या सौजन्याने घडते. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि समीक्षेने येथेच थांबून विचार केला पाहिजे. नात्याच्या संबोधनात मालक आणि कामगार हा संबंध विरघळून जातो. आईला मुलांसाठी वेळ मिळतो तो हक्क म्हणून नव्हे, तर कृपा म्हणून. तातुश भेटले नसते तर काय झाले असते, याचे उत्तर त्याच पुस्तकातील आधीच्या मालकांच्या घरांत आहे. कृतज्ञतेच्या भरात कृती हा प्रश्न स्वतः विचारत नाही, ही तिची मर्यादा मानावी लागते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांविषयीचा करार क्र. १८९ संमत केला. त्यात कामाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी यांचा विचार आहे. भारताने त्याला अद्याप अनुमोदन दिलेले नाही. महाराष्ट्रात २००८ च्या अधिनियमाने घरेलू कामगार कल्याण मंडळाची तरतूद झाली. पण कल्याणकारी लाभ ही एक गोष्ट आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी आपल्या मुलांकडे परतण्याचा हक्क ही दुसरी.

सारांश, 'आलो आंधारि' ही कृती केवळ एका स्त्रीच्या उन्नयनाची कहाणी म्हणून शिकवली गेल्यास तातुशांचे मोठेपण लक्षात राहते, थोरल्या मुलाची अनुपस्थिती विसरली जाते. वर्गात या पाठाचे अध्यापन करताना त्या अनुपस्थितीपासून चर्चेला आरंभ करणे अधिक न्याय्य ठरेल.