डोराचा नकाशा : प्रवास की सहल?

निकलोडियन वाहिनीवर २००० साली सुरू झालेल्या ‘डोरा द एक्स्प्लोरर’ या बालमालिकेचे शीर्षक शोधाचे आश्वासन देते. तिची कथनरचना मात्र ते पाळत नाही. बोलका नकाशा वाटेतले टप्पे आरंभीच सांगून टाकतो आणि बालप्रेक्षकाकडून ते घोकूनही घेतले जातात. वाट चुकण्याची शक्यताच उरत नसेल तर हा प्रवास नव्हे, आखीव सहल होय. पुलाखालचा चिडका ट्रोल हा खरे तर तेथला रहिवासी; पण त्याचे प्रयोजन कोडे घालण्यापुरतेच. स्पॅनिश शब्दांच्या पेरणीमुळे मालिका बहुसांस्कृतिक ठरते, हे अंशतः खरे. तथापि परभाषा येथे बहुधा संवादापेक्षा कुलपाची किल्ली म्हणूनच वावरते. ठरलेल्या क्रमात व्यत्यय आणू पाहतो तो चोरटा स्वायपर कोल्हा, आणि त्यालाच तीनदा दटावून थोपवायला मुलांना शिकवले जाते.