कर्तृत्वाचा संशय

'ब्लोइन इन द विंड' हे गीत बॉब डिलनचे नव्हेच, ते न्यू जर्सीतील एका शाळकरी मुलाने लिहून त्याला विकले, ही वदंता १९६३ मध्ये 'न्यूजवीक'ने छापली. मुलाने ते गीत मित्रांना स्वतःचे म्हणून ऐकवले होते. ही लबाडी त्याने १९७४ मध्ये कबूल केली. संशय मिटला. परंतु गीत ही एकाच मालकाची वस्तू असते, हे त्यामागील गृहीतक अधिक फसवे होते. या गीताची चाल 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक' या गुलामगिरीच्या काळातील कृष्णवर्णीयांच्या गीतावरून घडलेली आहे. डिलनने ते मूळ गीत १९६२ मध्ये गायिलेही होते, आणि हे ऋण पुढे मान्यही केले. वदंतेला हवा होता शब्दांचा चोर. चाल देणाऱ्या अनाम गायकांना तिच्यात स्थान नव्हते.