शंकराचार्य आणि थॉमस अक्वायनस : रिचर्ड डी स्मेट यांच्या तौलनिक मांडणीची चिकित्सा

तत्त्वज्ञानाच्या पदवी वर्गात ॲरिस्टॉटलनंतर विद्यार्थी बहुधा थेट देकार्तपाशी पोहोचतो. मधल्या शतकांतील स्कोलॅस्टिक तत्त्वज्ञान 'धर्मशास्त्राची दासी' या एका शेऱ्यात उरकले जाते. सिरोंचा परिसरात मराठी, तेलुगू आणि माडिया भाषा शेजारी नांदतात. त्यामुळे एका परंपरेतील शब्द दुसरीत नेताना काय टिकते आणि काय सांडते, हा प्रश्न येथील अध्यापकाला पुस्तकी वाटत नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने रिचर्ड डी स्मेट (१९१६–१९९७) यांच्या मांडणीचा विचार करावयाचा आहे.

पोप लिओ तेरावे यांनी १८७९ मध्ये 'एतेर्नी पात्रिस' हे परिपत्रक काढून थॉमसच्या विचाराचे पुनरुज्जीवन केले. त्यांनीच १८९३ मध्ये कँडी येथे स्थापिलेली सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यास आली. म्हणजे नवस्कोलॅस्टिक परंपरा महाराष्ट्रात केवळ ग्रंथांतून आलेली नाही. बेल्जियन जेझुइट असलेले डी स्मेट याच पुण्यात दीर्घकाळ अध्यापन करीत होते. शंकराचार्यांच्या पद्धतीवरील त्यांचा प्रबंध १९५३ चा, रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठातील. शंकराचार्य हे प्रथमतः श्रुतीचा अर्थ लावणारे मीमांसक आहेत, हे त्यांचे मूळ प्रतिपादन आजही मान्य व्हावे असेच आहे. शंकराचार्यांना निव्वळ बुद्धिवादी ठरविणाऱ्या आपल्याकडील अनेक प्राध्यापकांपेक्षा या परदेशी धर्मगुरूने भाष्ये अधिक निष्ठेने वाचली, असे म्हणावे लागते.

डी स्मेट यांचा सर्वांत समर्थ मुद्दा लक्षणेचा आहे. थॉमसच्या मते 'चांगला' हा शब्द ईश्वर व मनुष्य यांना एकाच अर्थाने लागू होत नाही, आणि सर्वस्वी भिन्न अर्थानेही नाही; तो सादृश्याने लागू होतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या भाष्यात शंकराचार्यही 'ज्ञान' हा शब्द ब्रह्माचे वाच्यार्थाने वर्णन करतो असे मानत नाहीत. तो ब्रह्म लक्षित करतो. मर्यादित अर्थ गाळून शब्दाला परमार्थाकडे नेण्याची ही रीत दोघांत खरोखर समान आहे.

मायेच्या बाबतीत मात्र मांडणी डळमळते. थॉमसच्या मते सृष्टीचा ईश्वराशी असलेला संबंध वास्तव आहे, ईश्वराचा सृष्टीशी असलेला संबंध केवळ बुद्धिकल्पित. या एकतर्फी अवलंबनाच्या आधारे डी स्मेट माया म्हणजे भ्रम नव्हे, तर जगाचे परतंत्र अस्तित्व, असा अर्थ करतात. ब्रह्मसूत्रभाष्याचा दुसरा अध्याय त्यांच्या बाजूने आहे, हे मान्य केले पाहिजे. तेथे कार्य कारणाहून अनन्य म्हटले आहे, आणि विज्ञानवाद्यांचे खंडन करताना जागृती स्वप्नासारखी नाही असेही बजावले आहे.

परंतु रज्जुसर्पाचे काय? दोरीचे ज्ञान झाल्यावर सर्प परतंत्र म्हणून शिल्लक राहत नाही. त्याचा बाध होतो. थॉमसच्या सृष्टीचा बाध कधीच होत नाही. संतांना ईश्वरदर्शन घडले तरी जीव जीवच राहतो. यावर डी स्मेट यांच्या पक्षाने असे उत्तर देता येईल की बाध जगाचा नसून जगाच्या स्वतंत्रपणाच्या कल्पनेचा आहे. उत्तर चतुर आहे, पण अध्यासभाष्याला ते पुरत नाही. तेथे कर्ता-भोक्ता असा जीवभावच अविद्येत गणला आहे. स्कोलॅस्टिक साचा हा जीवभाव वाचवू पाहतो, कारण व्यक्तीचे मूल्य त्याला सोडता येत नाही. ही गरज थॉमसची आहे, शंकराचार्यांची नव्हे.

तरीही या वादाला मराठीत फारसा प्रतिसाद मिळाला नाही, याची खंत वाटते. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेल्या १९७४ च्या मराठी तत्त्वज्ञान-महाकोशात डी स्मेट यांच्या अनेक नोंदी आहेत. २०१० मध्ये त्यांचे निबंध 'ब्रह्मन अँड पर्सन' या इंग्रजी संग्रहात आले. आमच्या वर्गात मात्र तुलना अजूनही साम्यांच्या यादीपाशी थांबते. लक्षणा आणि बाध हे दोन प्रश्न एकाच तासाला फळ्यावर मांडले, तर डी स्मेट कुठपर्यंत बरोबर होते हे पदवीचा विद्यार्थीही तपासू शकेल.